कपाट आपलं, किल्ली त्यांची

समजा, तुम्ही नवं लोखंडी कपाट घेतलंत. दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे मोजलेत, वर टेम्पोचं भाडंही दिलंत. घरी आणून बघता तर बाकी सगळे कप्पे उघडतात, आतला चोरकप्पा तेवढा उघडत नाही. दुकानात फोन केलात, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ताई, चोरकप्पा आतच आहे की. त्याच्या किल्लीचे दोन हजार वेगळे."

मैत्रिणींनो, काय कराल? मला विचाराल तर पायात चपला सरकवून त्याच पावली दुकान गाठाल, आणि त्या दिवशी दुकानदाराला दुसरं गिऱ्हाईक करता येणार नाही एवढं नक्की. जुडीत दोन काड्या कमी असल्या तर भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या आपण! पण अगदी हाच प्रकार आपल्या घरातल्या मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. का? तर तो 'पोरांच्या खेळाचा' विषय. त्यातलं आपल्याला काय कळतंय!

न कळण्यासारखं त्यात काहीही नाही. एक उदाहरणच सांगते. 'कॅपकॉम' ही जपानमधली मोठी गेम कंपनी. मार्च २०१२ मध्ये तिने 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' नावाचा मारामारीचा गेम बाजारात आणला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर चालणारी ही डिस्क अमेरिकेत ६० डॉलरला मिळत होती. मुलांनी हौसेने घेतली. त्यातल्या काही चौकस पोरांनी डिस्कच्या आत काय काय भरलंय ते उकलून बघितलं, तेव्हा दिसलं की डिस्कवर आणखी १२ खेळाडू तयार बसलेले आहेत. त्यांचे चेहरे, कपडे, हाणामारीचे डाव, सगळं तयार. फक्त कुलूप लावलेलं. पुढे जुलै २०१२ मध्ये कंपनीने त्या कुलपाची किल्ली विकायला काढली, सुमारे २० डॉलरला. म्हणजे ६० ची वस्तू आणि तिच्याच पोटात असलेल्या मालाचे आणखी २०. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे तर कोंबडीसोबत मसाला पिशवीत बांधून दिला आणि पुडी फोडायचे पैसे मागितले!

गिऱ्हाइकं चिडली. अमेरिकेत 'बेटर बिझनेस ब्युरो' म्हणून संस्था आहे, तिच्याकडे तक्रार गेली. कंपनीने उत्तर दिलं त्याचा अर्थ साधारण असा, की माल डिस्कवर कुलूपबंद ठेवला काय किंवा नंतर इंटरनेटवरून उतरवून घ्यायला दिला काय, फरक फक्त पोचवण्याच्या पद्धतीचा आहे. शिवाय एकाने नवे खेळाडू घेतले आणि दुसऱ्याने नाही घेतले तरी दोघांना एकमेकांशी खेळता यावं, म्हणून ते सगळ्यांच्याच डिस्कवर असणं सोयीचं आहे, असंही कारण पुढे केलं.

हे दुसरं कारण मी सरसकट उडवून लावणार नाही. खेळायला दोघांकडे सारखी मांडणी लागते, हे सारीपाट खेळणाऱ्यालाही कळेल. पण ही झाली कंपनीची सोय. गिऱ्हाइकाला पैसे मोजण्याआधी हे सांगितलं होतं का, हा माझा प्रश्न आहे. आणि पहिलं कारण तर मला मुळीच पटत नाही. माझ्या घरात, माझ्या पैशाने आलेली वस्तू आणि दुकानदाराच्या गोदामातली वस्तू यात फक्त पोचवण्याचाच फरक असेल, तर मग आपण खरेदी कशाला म्हणायचं? त्या वेळी आरडाओरडा इतका झाला की कंपनीला पुढे आपल्या या धोरणाचा फेरविचार करू असं सांगावं लागलं. तक्रार केल्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे कंपन्यांनी सगळं फुकट वाटायचं का? तसं नाही हो. गेम बाजारात आल्यावर वर्षभर राबून कोणी त्याचा नवा भाग तयार केला, तर त्याचे पैसे मागणं रास्तच आहे. शिंप्याने ब्लाउज शिवून दिला, नंतर आपल्याला त्यावर आरीवर्क करून घ्यावंसं वाटलं, तर त्याचे पैसे वेगळे. त्यावरून कोणी भांडत नाही. पण हुक लावून झाल्यावर वरून टाके घालून पट्टी बंद केली आणि उसवायचे पन्नास रुपये मागितले, तर ते शिवणकाम नव्हे, अडवणूक आहे. गेम मुळात फुकट असेल आणि आतल्या रंगीबेरंगी कपड्यांचे पैसे असतील, तर तोही वेगळा विषय. माझं भांडण आहे ते पूर्ण पैसे घेऊन अर्धवट वस्तू हातात ठेवणाऱ्याशी.

माझ्या भाच्याचंच बघा. दोन भाऊबीजा आणि एका वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने गाड्यांच्या शर्यतीची सीडी घेतली. (डिस्क म्हणायचं हे मला माहीत आहे, पण आमच्याकडे अजून सीडीच म्हणतात.) खोक्यावर जी लाल गाडी झळकत होती, ती आत गेल्यावर करड्या रंगात आणि वर कुलपाचं चित्र. त्या गाडीला वेगळे पैसे. मी भिंग घेऊन खोकं वाचलं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, गेममध्ये आणखी खरेदी असू शकते असं मोघम लिहिलेलं होतं. कशाची खरेदी, किती रुपयांची, याचा पत्ता नाही. दुकानदार म्हणाला, "वेष्टण फोडलंय, आता परत घेता येणार नाही." वेष्टण फोडल्याशिवाय कुलूप दिसत नाही आणि फोडलं की परत करता येत नाही! पोरगं हिरमुसलं. "आत्या, पण चित्रात तर होती ना ती गाडी?" एवढंच म्हणाला. आणि घरातल्या मोठ्या माणसांनी काय सांगितलं? "गेमच तर आहे. जा, अभ्यासाला बस."

मला हे उत्तर फार खटकतं. बारा वर्षांच्या मुलाने विचारलेला तो प्रश्न चोख ग्राहकाचा प्रश्न होता. जाहिरातीत दाखवलंत ते दिलं नाहीत, असं तो म्हणत होता. त्याला गप्प करून आपण कंपनीचीच बाजू घेतली. माझी एक शिक्षिका मैत्रीण म्हणते, मुलांनी गेम खेळूच नयेत, म्हणजे प्रश्नच मिटला. खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, हे ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावं. पण साडीचा पदर आखूड निघाला तर दुकानदाराला जाब विचारायचा, की "रेशीम नेसायला कोणी सांगितलं होतं?" म्हणून बाईलाच गप्प बसवायचं?

ज्या महाराष्ट्रात १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याच महाराष्ट्राच्या आपण मुली-सुना आहोत. तेव्हा तेल, साखर, रॉकेल होतं. आता पैसा नव्या वाटांनी घराबाहेर जातो, तर त्या वाटाही आपल्याला माहीत हव्यात.

या वाटांचं पुढचं वळण आणखी अवघड आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' नावाचा गेम आला. तोही पूर्ण पैशाचा. त्यातली डार्थ व्हेडरसारखी नावाजलेली पात्रं सुरुवातीला बंद होती. ती उघडायची तर गेममध्ये गुण साठवायचे. खेळणाऱ्यांनी हिशेब मांडला, तर एका पात्रासाठी सुमारे ४० तास खेळावं लागणार होतं! नाहीतर मग पैसे भरून पेट्या घ्यायच्या, आत काय निघेल ते नशीब. या पेट्यांना 'लूट बॉक्स' म्हणतात. नावातच लूट आहे, निदान तेवढा प्रामाणिकपणा म्हणायचा. जगभर बोंबाबोंब झाली, तेव्हा गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी 'ईए' कंपनीने पैसे घेऊन विकण्याची सोय बंद केली. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने काही गेममधल्या अशा पेट्या म्हणजे तिथल्या कायद्याप्रमाणे जुगारच असल्याचं सांगितलं. आपल्या गावच्या जत्रेत चिठ्ठी उचलून बक्षीस काढायचा स्टॉल असतो ना, तोच हा. फक्त जत्रा वर्षातून एकदा येते, आणि हा स्टॉल मुलाच्या हातात रोज असतो.

आणि त्याला जोडलेला पैसा असतो तो आपल्या फोनमधला. 'फोर्टनाइट' हा गेम काढणाऱ्या 'एपिक' कंपनीवर अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने आरोप ठेवला, की बटणांची मांडणीच अशी होती की चुकून बोट लागलं तरी खरेदी होऊन जाई आणि मुलं आईबापांच्या परवानगीवाचून पैसे खर्च करत. मला सगळ्यात संतापजनक वाटली ती पुढची गोष्ट. ज्यांनी बँकेकडे तक्रार करून हे पैसे नाकारले, त्यांची खातीच कंपनीने बंद केली आणि आधी पैसे देऊन घेतलेलं सगळं अडकून पडलं, असाही आयोगाचा आरोप होता. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत गिऱ्हाइकांना परत करण्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यायला कंपनी तयार झाली. त्याआधी २०१४ मध्ये 'ॲपल'लाही मुलांनी परवानगीशिवाय केलेल्या खरेदीपोटी किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करावे लागले होते.

बरं, सगळ्या किल्ल्या विकत घेतल्या, सगळे कप्पे उघडले, तरी कपाट आपलं झालं का? तेही नाही. 'युबीसॉफ्ट' कंपनीचा 'द क्रू' हा गेम २०१४ मध्ये आला. तो चालायला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने तो सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. डिस्क घरात, खोकं घरात, पण उपयोग शून्य. त्यातून युरोपात मोहीम उभी राहिली. गेम विकल्यावर तो असा मारून टाकू नका, या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ मध्ये कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. गेम, सिनेमा, पुस्तक असं काही इंटरनेटवर विकताना ते खरोखर मालकीचं होत नसेल, फक्त वापरायचा परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असा शब्द वापरायचा नाही. मला हा कायदा फार आवडला. भाड्याच्या घराला कोणी 'आमचं घर' म्हणू नये असं नाही, पण घरमालकाने तरी भाड्याचं घर विकतोय असं सांगू नये!

पुस्तकांचंही हेच. २००९ मध्ये 'ॲमेझॉन'ने विकलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. हक्क नसलेल्या कोणीतरी ती विकायला ठेवली होती हे खरं, पैसे परत दिले हेही खरं. पण आपल्या पुस्तकाच्या फळीवरून दुकानदाराने रात्री येऊन पुस्तक उचलून नेलं, असंच ते झालं. नंतर कंपनीने माफी मागितली. आणि २०२२ मध्ये 'बीएमडब्ल्यू'ने काही देशांत मोटारीत आधीच बसवलेली सीट गरम करायची सोय दरमहा पैसे भरून चालू करून द्यायला सुरुवात केली. लोक खवळले, २०२३ मध्ये कंपनीने ती कल्पना सोडून दिली. गेमच्या डिस्कवर रुळलेली सवय मोटारीपर्यंत पोचली, तर उद्या मिक्सरपर्यंतही पोचेल. भांडं, पातं सगळं घरात आणि ओली चटणी वाटायची किल्ली वेगळी.

आता आपल्याकडचं बोलू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पण आपला विषय त्यात येत नाही, तो ग्राहक कायद्यातला आहे. आणि या बाबतीत आपला कायदा वाटतो तेवढा मागासलेला नाही. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला, जुलै २०२० पासून तो लागू झाला. ई-कॉमर्स म्हणजे काय हे सांगताना त्यात 'डिजिटल उत्पादनं' असा शब्द घातलेला आहे. म्हणजे हातात धरता येत नाही ती वस्तूच नव्हे, असं आता कोणाला म्हणता येत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. डार्क पॅटर्न म्हणजे फसवी मांडणी, गिऱ्हाइकाचा हात हळूच पाकिटाकडे वळवणारी. त्यात १३ प्रकार दिले आहेत. त्यातला एक 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत थेंबाथेंबाने उघड करणं. त्याच्या व्याख्येत एक वाक्य आहे त्याचा मथितार्थ असा: ज्या सेवेचे पैसे आधीच दिले आहेत, ती आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरू न देणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या त्या लाल गाडीचीच आठवण झाली. तिथे उदाहरणही खेळाचंच दिलंय. 'बुद्धिबळ फुकट खेळा' अशी जाहिरात करून ॲप उतरवायला लावायचं आणि सात दिवसांनी पैसे मागायचे, हे त्या सूचनांमध्ये बसत नाही.

आता प्रत्येक गेमला हे कलम लागू होईलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. कंपनी म्हणेल, तुम्ही उघड्या मालाचेच पैसे दिलेत, कुलपातल्या नाही. पण मग तसं खोक्यावर लिहा ना! बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापावी लागते, तशी या खोक्यावर ठळक अक्षरांत ओळ हवी: आत एवढं चालू आहे, एवढं बंद आहे, सगळं उघडायला एकूण एवढे रुपये लागतील आणि सर्व्हर किमान अमुक वर्षापर्यंत चालेल. एवढं वाचून ज्याला घ्यायचंय त्याने खुशाल घ्यावं. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती जास्त आहे असं मला वाटत नाही.

तोवर काही गोष्टी आपल्या हातातल्या. गेम ॲपवरून घेणार असाल तर उतरवण्याआधी त्या पानावर 'इन-ॲप पर्चेस' लिहिलंय का बघा, ॲपलच्या फोनवर तर त्यांच्या किमतींची यादीही खाली असते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. यूपीआयमध्ये कुठे ऑटो-पे लागलंय का, तेही महिन्यातून एकदा चाळा. दूधवाल्याचं खातं बघतो तसंच. प्ले स्टोअरवर नको ती खरेदी झाली, तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते, म्हणून लाजून गप्प बसू नका आणि पोराला बदडूही नका. आधी पैसे मागा.

एवढं करूनही फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतून बोलता येतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आणि नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: कंपनीचं ऑफिस बंगळुरात असो नाहीतर टोकियोत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सोबत बिल हवं, खोक्याचा दोन्ही बाजूंनी फोटो हवा, पडद्यावरच्या कुलपाचा स्क्रीनशॉट हवा आणि दुकानदाराशी किंवा कंपनीशी काय बोलणं झालं ते तारखेसह लिहिलेलं हवं. स्क्रीनशॉट कसा काढायचा ते पोरं सांगतील. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा बिल कुठे गादीखाली नाहीतर देवघराच्या खणात सरकवलं असेल, तर आजच शोधून काढा.